पाचवा नारळ

आमच्या वाडीत ती गाडी येऊन उभी राहिली तेव्हा पहिला प्रश्न तिच्या पडद्यांबद्दल आला.

धामापूरच्या तळ्यापासून मैलभरावर आमची वाडी. साठ सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. सिंधुदुर्ग जिल्हा अजून व्हायचा होता, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होतो. मोटार आमच्याकडे बघायला मिळायची ती मोठ्या रस्त्यावर. ही मात्र शेताच्या बांधाला येऊन टेकली. लढाईच्या काळातली ती रुग्णवाहिका होती. माझ्या कॉलेजातल्या सरांनी ती कोल्हापुरात लिलावात घेतली होती. सुताराकडून आत दोन्ही बाजूंना निजायला फळ्यांचे बाक करून घेतले, एका कोपऱ्यात स्टोव्ह, दुसऱ्यात पाण्याचं लोखंडी पिंप, मध्ये घडीचं टेबल, आणि खिडक्यांना जाड निळे पडदे. तिच्यातच रांधायचं, तिच्यातच निजायचं आणि सकाळी पुढे निघायचं.

“ही गाडी की खोली रे?” शेजारच्या काकीने मला विचारलं.

“खोलीच म्हण.”

“खोली आसा तर उंबरो खंय?”

“चाकांच्या खोलीक उंबरो कसो असतलो, काकी?”

“मगे पडदे कित्याक? सरळ माणूस पडदो लावन बसता?”

मी हसलो, पण काकी हसली नाही. तिला दोष देण्यासारखं काही नव्हतं. गोव्याची नाकेबंदी उठून फार दिवस झाले नव्हते. त्या वर्षांत आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाचं प्रत्येक बोचकं कुणी ना कुणी उघडून बघितलेलं होतं. कुणाकडे नवं घड्याळ दिसलं की ते कुठून आलं, कुणाचा मचवा उशिरा लागला की तो कुठे गेला होता, असं विचारायची सवयच लागली होती. मीही त्याच हवेत वाढलो. पदवी घेतली म्हणून ती सवय गेली, असं मला वाटत होतं. ती गेली नव्हती, हे मला पुढे महिनाभरात, समुद्रापासून फार लांब, कळलं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील भाताची शेती करायचे, थोडे काजू होते. मालवणच्या शाळेतल्या एका मास्तरांनी मला कोल्हापूरला पाठवा म्हणून वडिलांकडे तीन खेपा घातल्या, आणि कोल्हापुरात या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी मला आपल्या घरच्या माडीवर अभ्यासाला जागा दिली. पदवीनंतर त्यांनीच मला प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. त्या दोघांचं ऋण मी शब्दांत मांडू शकत नाही. म्हणूनच सरांनी सांगितलेलं कुठलंही काम जिवापाड करायचं, असं मी ठरवलं होतं, आणि पुढे जे घडलं त्यात या जिवापाड करण्याचाही वाटा आहे.

सरांना वाळवंटातल्या वनस्पती गोळा करायच्या होत्या. त्याआधी गाडीची परीक्षा म्हणून ते आठवडाभर आमच्या किनाऱ्यावर आले होते. त्या आठवड्यात त्यांच्यासाठी रांधायला मी शेजारचे काका आणून दिले. काकीचे यजमान ते. आयुष्यभर गलबतांवर आणि पुढे आगबोटीवर स्वयंपाक केलेला माणूस. हलत्या जागेत भांडं कसं बसवायचं, थोड्या पाण्यात तांदूळ कसे धुवायचे, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं. नांगराच्या साखळीत डाव्या पायाची करंगळी गेलेली. चप्पल त्यांनी जन्मात घातली नव्हती. त्यांच्या हातची पेज आणि भाजलेला बांगडा खाऊन सर म्हणाले, “यांना घेऊनच जाऊ.” माझी शिफारस मान्य झाली याचा मला कोण अभिमान वाटला!

निघायच्या दिवशी आईने पाच नारळ आणून दिले. ते तिने माझ्या हातात दिले नाहीत, काकांच्या हातात दिले.

“वाटेत उघड्यार उतारलात तर जागेवाल्याचो मान चुकवू नकात,” ती काकांना म्हणाली. “माज्या झिलाक सांगान उपेग नाय. तो शिकलो.”

“गे बाये, तू बिनघोर रव,” काका म्हणाले.

आमच्याकडे असं मानतात की प्रत्येक जागेला तिचा एक राखणदार असतो. दिसत नाही, पण जागा त्याची. त्याच्या जागेत उतरायचं तर आधी त्याला नारळ द्यायचा आणि सांगायचं, बाबा, आम्ही एका रात्रीचे पाहुणे, सांभाळून घे. चार भिंतींच्या घरात उतरलो तर त्या घराचे देव बघून घेतात. उघड्यावर मात्र जागेवाल्याला विचारल्याशिवाय पाठ टेकायची नाही. लहानपणी मीही हे मानत होतो. कॉलेजात गेल्यावर मानत नसे, पण नारळाचं खोबरं खात असे.

फोंडाघाट चढून आम्ही कोल्हापूरला गेलो, तिथून सामान भरून पुढे. जोधपूरपर्यंत गाडी सरांनीच चालवली. पुण्याला आणि मुंबईला ओळखीच्यांकडे उतरलो, तिथे नारळ फुटला नाही. सुरतेच्या पुढे एका आमराईच्या कडेला पहिला फुटला. दुसरा अहमदाबाद सोडल्यावर, तिसरा पालनपूरच्या बाजूला, चौथा एका कोरड्या नदीच्या पात्रात. काका दिवस बुडताना गाडीच्या पुढच्या चाकापाशी उभे राहायचे, डोक्याला टॉवेल गुंडाळून पुटपुटायचे आणि नारळ फोडायचे. सर हे बघून न बघितल्यासारखं करायचे. पाचवा नारळ जोधपूरच्या अलीकडे बाभळीच्या झाडाखाली फुटला. खोबरं कुजकट निघालं. “सोपले,” काका म्हणाले आणि रिकामी पिशवी घडी करून उशाला ठेवली.

दुसऱ्या दिवशी जोधपुरात सरांनी ड्रायव्हर घेतला. पुढे रस्ता असा नाही, वाळूतल्या चाकोऱ्या आहेत, माहितगार माणूस हवा, असं तिथल्या एका अध्यापकांनी सांगितलं. हा ड्रायव्हर पस्तिशीचा असेल. लाल मुंडासं, टोकदार मोजड्या, आणि पुढच्या बंपरला लटकवलेली कॅनव्हासची छागल, म्हणजे पाणी गार ठेवायची पिशवी. तो मला बाबूजी म्हणायचा. मला यापूर्वी कुणी बाबूजी म्हटलेलं नव्हतं.

पाण्याची देखरेख माझ्याकडे होती. सरांनी प्रत्येकाला पिण्याचं, रांधण्याचं, तोंड धुण्याचं पाणी ठरवून दिलं होतं. मी बांबूच्या कांबीवर बोटाबोटाच्या खाचा पाडल्या होत्या. रोज सकाळी पिंपाचं झाकण काढून ती बुडवायची आणि ओल कुठवर आली ते वहीत टिपायचं. जोधपूरपर्यंत हिशोब चोख लागत होता. जोधपूर सोडल्यावर पहिल्याच सकाळी एक बोट पाणी कमी भरलं. मला वाटलं, गाडी तिरकी उभी असेल. दुसऱ्या सकाळी पुन्हा एक बोट. तिसऱ्या सकाळी सव्वा.

पिंपाला गळती नव्हती. खालची फळी मी हाताने चाचपून बघितली, कोरडी ठक्क होती. म्हणजे पाणी कुणीतरी घेत होतं. आम्ही चौघं. सर घेणार नाहीत, कारण नियम त्यांचा. काका घेणार नाहीत, कारण ते आमचे. मी घेत नव्हतो. आणि पाणी कमी होऊ लागलं ते नेमकं ड्रायव्हर आला त्या दिवसापासून. इतकं सरळ गणित होतं की ते मी दुसऱ्यांदा करून बघितलंच नाही.

मग मला सगळं त्याच रंगाचं दिसायला लागलं. त्याची छागल कायम भरलेली कशी? पहाटे तो टेकाडापलीकडे जातो तो कशासाठी? वाटेत एखादा मेंढपाळ भेटला की गाडी थांबवून त्याच्याशी इतका वेळ काय बोलतो? एकदा मी पडदा बोटभर सारून त्याच्यावर पाळत ठेवली. टेकाडाआड जाऊन तो नुसता वाळूने आपली पितळी थाळी घासत होता. थाळी झटकून तो वळला आणि त्याची नजर थेट माझ्या खिडकीवर आली. पडदा हलला असावा. मी बाजूला झालो. काकीचा प्रश्न तेव्हा मला आठवायला हवा होता. आठवला नाही. उलट मला वाटलं, मी बघतोय हे ओळखून याने थाळी घासल्याचं सोंग केलं.

हे सगळं मी सरांना सांगत होतो, आणि इंग्रजीत सांगत होतो. ड्रायव्हरला कळू नये हे एक कारण. दुसरं कारण कबूल करायला आज संकोच वाटतो: माझं इंग्रजी तेव्हा नुकतंच सुधारलं होतं आणि सरांशी त्या भाषेत गुप्त बोलताना मला मोठं झाल्यासारखं वाटत होतं. काका शेजारीच स्टोव्हला पंप मारत बसलेले असायचे. त्यांना यातलं अक्षर कळत नव्हतं. त्यांना वेगळं सांगायला हवं असं मला एकदाही वाटलं नाही. त्यांना काय कळणार पाण्याच्या मोजमापातलं!

सर म्हणायचे, “खात्री आहे का? पुरावा गोळा कर.” मी वही दाखवायचो.

फलोदीला पिंप भरल्यावर तीन-चार दिवसांनी पुढच्या एका चौकीवर पोलिसांनी आम्हाला अडवलं. सरहद्द तिथून फार दूर नव्हती. पडदे लावलेली गाडी, आत नकाशे, वाळवलेली झाडं दाबून ठेवलेल्या जाड कागदांच्या थप्प्या. हवालदाराने एकेक कागद उलटून बघितला.

“घास है,” तो म्हणाला. “इतनी दूर से घास लेने आए हो? तुम्हारे यहाँ नहीं उगती?”

सर कागदपत्रं दाखवत होते, पण ती इंग्रजीत होती आणि हवालदाराला त्या कागदांचाच जास्त संशय येत होता. शेवटी ड्रायव्हर पुढे झाला. त्याने आपल्या गावाचं, बापाचं नाव सांगितलं आणि अदबीने म्हणाला, “हुकम, ये मेरे आदमी हैं. इनका जिम्मा मेरा.” हवालदाराने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आम्हाला सोडलं.

आम्ही सुटलो याचा मला आनंद झाला. आणि लगेच मनात आलं, पोलिसांशी याची इतकी ओळख कशी?

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका ढाणीवर पोचलो. ढाणी म्हणजे वाळवंटातली दहा-बारा झोपड्यांची वस्ती. तिथे एकच विहीर होती, इतकी खोल की उंट दोर ओढत लांबवर चालत जायचा तेव्हा कातडी पोहरा वर यायचा. पिंप तळाला गेलं होतं. सरांनी पाणी मागितलं. एक म्हातारा पुढे आला, वस्तीचा मुखिया असावा. बाजूला सात-आठ बाया घागरी घेऊन उभ्या होत्या.

“फलोदी में भरा था?” म्हाताऱ्याने विचारलं.

“हां,” सर म्हणाले.

“चार आदमी, इतना बड़ा पीपा. कहाँ गया पानी? नहाते हो?”

बाया पदराआड हसल्या. आम्ही पाणी उधळणारे शहरी लोक, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मला ते सहन झालं नाही. सर असं कुणासमोर उभे आहेत, हे सहन झालं नाही. मी पुढे होऊन म्हणालो, “हम नहीं नहाते. हमारा पानी चोरी होता है.” आणि ड्रायव्हरकडे बघितलं. बोट दाखवलं नाही. पण बघितलं ते सगळ्यांना दिसेल असं बघितलं.

हसणं थांबलं. तो तेव्हा आपली छागल भरायला विहिरीच्या कट्ट्यापाशी गेला होता. म्हाताऱ्याने त्याच्या भाषेत त्याला एक-दोन प्रश्न विचारले. गाव कुठलं, कुणाचा मुलगा, एवढं मला समजलं. ड्रायव्हरने उत्तर दिलं. मग म्हाताऱ्याने पोहऱ्यावरच्या माणसाला हाताने खूण केली, आणि त्याने छागलेत पाणी ओतायचं थांबवलं. आमचं पिंप मात्र त्यांनी काठोकाठ भरून दिलं.

ड्रायव्हर एक अक्षर बोलला नाही. अर्धी छागल बंपरला बांधली आणि गाडीत बसला. तो बोलला नाही, म्हणजे गुन्हा कबूल आहे, असं मी सरांना इंग्रजीत म्हणालो. सरांनी त्याला सांगितलं की जैसलमेरला पोचलो की त्याने परत जावं, आणि जोधपूरच्या त्या अध्यापकांना ते चिठ्ठी लिहितील. त्याने नुसती मान हलवली. त्या मुलखात पाण्याच्या चोरीचा शिक्का बसलेल्या ड्रायव्हरला पुन्हा कुणी गाडी देणार नाही, हे मला त्याचा चेहरा बघून कळलं. मला त्याची दया आली नाही. काम नीट केल्यासारखं वाटलं.

काका या सगळ्या वेळात गाडीत होते. वाटेत पिशवी फुटून तांदूळ सांडले होते, ते वेचत बसले होते. पुढे निघाल्यावर त्यांनी मला विचारलं, “ह्यो गप कित्याक रे? दुखता खुपता काय तेका?”

“नाय काका. असोच.”

त्या दिवशी आणखी अठरा मैल गेलो आणि एका टेकाडाच्या आडोशाला उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कांब बुडवली. काठोकाठ भरलेलं पिंप; रात्रीचं रांधणं-पिणं वजा करून एक बोट कमी. वही घेऊन सरांकडे जायला वळलो तर दारात ड्रायव्हर उभा.

“बाबूजी, दो मिनट. किताब भी ले आओ.”

तो मला गाडीच्या मागच्या डाव्या चाकापाशी घेऊन गेला. उकिडवा बसला. मलाही बसायला लावलं.

“ये देखो.”

मला वाळूशिवाय काही दिसलं नाही. त्याने करंगळीच्या नखाने वाळूची एक पातळ खपली अलगद उचलली. भाकरीच्या पापुद्र्यासारखी ती त्याच्या बोटावर आली. आजूबाजूची वाळू मोकळी होती, भुरभुरत होती. एवढा वीतभर तुकडा मात्र वर कडक झाला होता आणि त्याच्यावर बारीक खळगे पडले होते.

“यहाँ पानी गिरा है. कल साँझ को. सूखने पर ऐसी पपड़ी बनती है.”

मग तो मला दुसऱ्या चाकाकडे घेऊन गेला, मग तिसऱ्या, मग चौथ्या. चारही कोपऱ्यांवर तशीच खपली. आणि एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे जाणारी पावलं. अनवाणी, बोटं फाकलेली पावलं. त्याने आपली मोजडी एका पावलाशेजारी ठेवली आणि उचलली. टोकदार ठसा उमटला. मग अनवाणी पावलांकडे बोट केलं. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

डोळ्यांपुढे माझी वही होती. पाणी कमी व्हायला लागलं तो दिवस, आणि त्याच्या आदल्या दिवशी बाभळीखाली फुटलेला पाचवा नारळ. नारळ संपल्यावर काका जागेवाल्याला काय देत असतील, हा प्रश्न मला पडायला हवा होता. आमच्या वाडीत जन्मलेल्या कुणालाही तो पडला असता. चार खेपा मी ते खोबरं खाल्लं होतं.

“तुम्हें कब से मालूम?” मी विचारलं.

“दूसरे दिन से. हम लोग तो पैर देखकर ऊँट पहचानते हैं.”

“तो बोले क्यों नहीं? कल कुएँ पर तो बोलना था!”

“बूढ़े का नाम लेता? इतने लोगों में?” तो उठला. गुडघ्यांवरची वाळू झटकली. “उनकी पूजा है. और मैं उनका पकाया खाता हूँ. मैंने सोचा आपको मालूम होगा. आपके गाँव के हैं. आप उनसे पूछ लेते.”

मी वही मिटली.

मी सरांकडे गेलो. काका चहा गाळत होते. ड्रायव्हर बाहेर उभा होता. या खेपेला मी मराठीत बोललो. सगळं सांगितलं, आधी माझी चूक आणि मग पाणी. सरांनी काकांकडे बघितलं.

“खरं आहे?”

काकांनी गाळणं खाली ठेवलं. “सायबा, मी चोरूक नाय. नारळ सोपले. मगे जागेवाल्याक काय देव? हयच्या जागेवाल्याक पाण्यापरास दुसरा काय होया? चार कोपऱ्यांक चार तांबे. माज्या वाटणीचा आंघोळीचा म्हणान घेतलंय.”

“आंघोळीचं पाणी कुणालाच नव्हतं,” सर म्हणाले.

“ता माका ठावक नाय. बोटीर असता.” मग म्हणाले, “तुमका विचारूक होया होता. पण तुमी हसतलात.”

सर हसले नाहीत. काका माझ्याकडे वळले. त्यांना मी कधी रागावलेलं बघितलं नव्हतं.

“माजो आळ तेच्यार घातलंस? आणि रोज माज्याकडे बसान जेवलंस, माका एक शबुद बोलूक नाय? मेल्या, इतक्या शिकान तुका शेजारच्या माणसाक विचारूची लाज वाटली?”

चहा तसाच राहिला. सर खाली उतरले आणि ड्रायव्हरसमोर जाऊन म्हणाले की चिठ्ठी लिहिली जाणार नाही, आणि जे झालं त्याचं त्यांना वाईट वाटतं. ड्रायव्हर म्हणाला, “आपकी मेहरबानी. पर साहब, बात जहाँ बोली गई, वहीं वापस लेनी पड़ेगी. चिट्ठी तो एक आदमी पढ़ता. कुएँ की बात सौ कोस जाती है.”

अठरा मैल मागे, अठरा मैल पुन्हा पुढे. एक अख्खा दिवस जाणार, आणि त्या दिवशी सरांना एका जागी जायचं होतं, जिथे त्यांना हवं असलेलं एक झुडूप सापडण्याचा संभव होता. सरांनी घड्याळ बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बोलणार तू. मी नाही.”

त्या अठरा मैलांत मी मनात हिंदी वाक्यं जुळवत होतो. जुळत नव्हती. ढाणीवर पोचलो तेव्हा सकाळचं पाणी भरणं चालू होतं. त्याच बाया, तोच म्हातारा. आम्हाला परत आलेलं बघून ते सगळे थांबले. पाणी आणखी मागायला आले, असं त्यांना वाटलं असणार. एका बाईने आपली घागर जवळ ओढून घेतली.

मी विहिरीच्या कट्ट्यापाशी उभा राहिलो. “कल मैंने झूठ बोला,” मी म्हणालो. “पानी इसने नहीं लिया. पानी हमारे घर के आदमी ने लिया था, पूजा के लिए. मैंने पूछा नहीं. इसका नाम लगाया. मेरी गलती है.”

मग म्हाताऱ्याने विचारलं, “तू क्या काम करता है?”

“कॉलेज में हूँ. पढ़ा-लिखा हूँ.”

घागर ओढून घेतलेली ती बाई तिच्या भाषेत शेजारणीला काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. अर्थ मला कुणी सांगितला नाही, मी विचारलाही नाही. तेवढ्यात काका गाडीतून उतरले. अनवाणी, डोक्याला टॉवेल. त्यांनी बंपरची अर्धी छागल सोडली, पोहऱ्यापाशी नेली आणि तोंड उघडून धरली. म्हाताऱ्याने पोहऱ्यावरच्या माणसाला खूण केली. छागल भरली. काकांनी ती दोन्ही हातांनी ड्रायव्हरला दिली. ड्रायव्हरने ती डोक्याला लावून घेतली आणि काकांच्या पायांना हात लावला.

पुढचे सोळा दिवस त्याने आम्हाला वाळवंटभर फिरवलं. सरांना ते झुडूप मिळालं नाही. तो हंगाम निघून गेला, पुढच्या हिवाळ्यात कुणी दुसऱ्यानेच ते आणलं. पाण्याची कांब मी बुडवत राहिलो, आणि रोज चार तांबे आधीच वजा धरत राहिलो. सरांनीच तसं सांगितलं होतं. ड्रायव्हर काकांशी खूप बोलायचा, कुठल्या भाषेत ते दोघांनाच ठाऊक. काका त्याला समुद्राचं सांगायचे. “म्हंजे ह्याच्यासारख्या, पण ओला,” असं वाळूकडे हात करून म्हणायचे. माझ्याशी तो कामापुरतं बोलायचा, नीट बोलायचा. पण बाबूजी म्हणायचं त्याने सोडलं. जोधपुरात निरोप घेताना त्याने सरांचा हात हातात घेतला, काकांना मिठी मारली आणि मला लांबून हात जोडले.

घरी आल्यावर मी आईला हे सगळं सांगितलं. तिला कुणीतरी सांगणारच होतं, ते मीच सांगावं असं वाटलं. ती पडवीत सुपात उकडे तांदूळ घेऊन खडे वेचत होती. काकांनी पाणी दिलं हे ऐकून तिने नुसतं “बरा केल्यानी” म्हटलं. विहिरीवरचा भाग आला तेव्हा तिचा हात थांबला.

“मगे तू तेची माफी मागलंस?”

“मागलंय. सगळ्यांसमोर.”

“तेणा दिली?”

“ठावक नाय गो.”

“तू तेका विचारूक नाय?”

मी नाही म्हणालो. आईने माझ्याकडे बघितलं, मग सूप थोडं उजेडाकडे फिरवलं आणि पुन्हा खडे वेचू लागली.